एकाच अंगणवाडीत पाच बोलींची लेकरं, एकमेकांशी बोलतच नाईत, काय करावं?

कापूसपट्टा_ताई

नमस्कार सगळ्यांले. मी पांढरकवड्याकडच्या (जि. यवतमाळ) एका लहान गावात अंगणवाडी सेविका हाय. प्रश्न जरा लांब हाय पण समजून घ्या.

आमच्या अंगणवाडीत गावातली वऱ्हाडी बोलणारी पोरं तं आहेतच, त्याच्याशिवाय बाजूच्या पोडावरची (पोड म्हणजे कोलामांची वस्ती) कोलाम पोरं येतात, तांड्यावरची बंजारा पोरं येतात, आणि दिवाळी झाली का कापूस वेचाले मेळघाटातून कोरकू कुटुंबं येतात त्यायचीबी दोन-चार लेकरं माय वावरात गेली का इथंच. यंदा गावाबाहेर वीटभट्टी लागली, तिथले मजूर छत्तीसगडचे, त्यायची पोरं वेगळी. म्हणजे एका खोलीत कोलामी, गोरमाटी (बंजाऱ्यायची बोली), कोरकू, छत्तीसगडी आणि आपली वऱ्हाडी. आणि मी एकटी, मले येते फक्त मराठी न थोडी हिंदी.

आता होते असं का पोरं आली का आपापल्या गटात बसतात. खिचडीच्या टायमालेबी तसंच, तांड्यावरची भिंतीकडं, पोडावरची दाराजवळ, गावातली मधात. भट्टीवरचा एक पोरगा चार वर्षांचा असन, त्याले खेळणं पाहिजे असलं का सरळ दुसऱ्याच्या हाताले चावते. गावातल्या दोघी जणी मायबाया भांडाले आल्या का त्याले काढून टाका. पोडावरची एक पोरगी तं जूनपासून येते पण तिच्या तोंडून अजून एक शब्द निघाला नाई, बसते, पाहते, जेवते, घरी जाते.

वरून सांगतात का पोरं बोलती करा, भाषाविकास दिसला पाहिजे. मी तक्ता लावून विचारते हे काय हाय, ते काय हाय, तं गावातलीच पाच-सहा पोरं ओरडून उत्तर देतात, बाकीची माझ्या तोंडाकडं पाहतात. कोणी असं काम केलं असन तं सांगा न, पुस्तकातलं नको, करता येइन असं सांगा.

---

मेळघाट_मास्तर

ताई, मी धारणी तालुक्यात जि.प. शाळेत बरीच वर्षं काढली, त्यामुळे तुमचं चित्र अगदी डोळ्यासमोर आलं. थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, या सगळ्या बोली म्हणजे मराठीचेच थोडे वेगळे प्रकार असतील असं बाहेरच्यांना वाटतं, तसं बिलकुल नाही. कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या, तेलुगूच्या नात्यातल्या. कोरकू मुंडारी कुळातली, संथालीच्या नात्यातली, तिचा मराठीशी काहीच संबंध नाही. गोरमाटी राजस्थानीच्या जवळची आणि छत्तीसगडी हिंदीच्या जवळची, म्हणून तांड्यावरची आणि भट्टीवरची पोरं तुमचं बोलणं बऱ्यापैकी पकडत असतील. कोलाम आणि कोरकू पोरांना मात्र पहिले काही महिने तुमचं वाक्य कुठे सुरू झालं न कुठे संपलं हेसुद्धा कळत नसतं. तेव्हा सगळ्यांकडून एकाच वेगाची अपेक्षा करू नका, वरच्यांना पण हे सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट तक्त्याची. तुम्ही आंबा दाखवून विचारता हे काय आहे. पोराला दिसते की ताईला माहीत आहे तो आंबा आहे, मग ही विचारते कायले? शिकलेल्या घरात मायबाप पोराला दिवसभर असं विचारतात, नाक कुठंय कान कुठंय, त्या पोराला तो खेळ ठाऊक असतो. वेचणीला जाणाऱ्या घरात असं कोणी विचारत नाही, तिथं लेकरू मोठ्यांच्या मागे मागे फिरून बघून शिकतं आणि बोलतं ते बरोबरीच्या पोरांशी. म्हणून तुमची गावातली पाच-सहा पोरं ओरडतात न बाकीची गप्प बसतात. ती मठ्ठ नाहीत, त्यांना तुमच्या प्रश्नाचा डाव माहीत नाही एवढंच.

मी करायचो ते सांगतो. एक जुनं लुगडं घ्या, चार पदरी घडी नका करू, दुहेरी पुरे. चार कोपरे चार पोरांच्या हातात द्या, चार वेगवेगळ्या घरची पोरं निवडा, मधात चिंध्यांचा चेंडू ठेवा. चौघांनी एकदम वर झटकलं तरच चेंडू उडतो, एकानं आधी ओढलं तर तो त्याच्याच पायाशी येऊन पडतो. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ होतो, चेंडू दहा वेळा खाली. मग कोणीतरी एक जण ओरडतं, आमच्याकडे एका कोरकू पोरीनं नुसतं "होऽप" केलं होतं, आणि बाकीच्यांनी ते उचललं. दुसऱ्या दिवशी ती दिसली की गावातली पोरं तिला होप होप करून बोलवत होती. मी एक शब्द शिकवला नव्हता.

मुद्दा असा की त्यांना असं काम द्या जे एकट्यानं होत नाही. चिखलाची चूल करणं, एकाच बादलीनं दोघांनी कुंडीला पाणी घालणं, सुपातले हरभरे न चिंचोके निवडून वेगळे करणं. पण सामान मुद्दाम कमी ठेवा. प्रत्येकाला वेगळी बादली दिली की बोलायची गरजच संपली. (चिंचोके मोजून द्या न मोजून परत घ्या, एकानं नाकात घातला होता, धारणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं.)

बाकी गाणी म्हणालात तर हातवाऱ्यांची घ्या, एकच ओळ फिरून फिरून येणारी.

---

वऱ्हाडी_ठेचा

एवढं सगळं कशाले म्हणतो मी. पहिलीत गेल्यावर पुस्तक मराठीत, परीक्षा मराठीत, तलाठ्याकडं गेला तरी मराठी. मंग तीन वर्षांपासूनच मराठी बोलाले लावा न, लहान पोरं कोणतीबी भाषा पटकन उचलतात. घरची बोली घरी. माझा साळा सुरतले गेला, त्याची पोरं सहा महिन्यात गुजराती बोलाले लागली, कोणी लुगडं झटकलं नव्हतं तिथं.

---

सुपरवायझर_मावशी (रिटायर)

ठेचा भाऊ, तुमच्या साळ्याच्या पोरांले घरी मायबाप मराठीत भरपूर बोलत असन, गोष्टी सांगत असन, पक्की पाटी घेऊन गेली ती पोरं. ज्याची घरची भाषा पक्की त्याले दुसरी लवकर येते, हे खरंच हाय. पण घरची भाषा अर्धी असताना तिच्यावर बंदी घातली का पोरगं दोन्हीकडून कच्चं राहते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातबी लिहिलं हाय का जमेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, न तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरा. आणि संविधानाचं कलम ३५०-क तं १९५६ पासून हाय, भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांले प्राथमिकमध्ये मातृभाषेची सोय करा म्हणून. कागदावर सगळं हाय बापा, गावात यायले वेळ लागते.

आता ताई तुमच्यासाठी. मी बीट (म्हणजे बऱ्याच अंगणवाड्यायचा एक गट) सांभाळायची, पोडं न तांडे दोन्ही होते माझ्याकडं.

त्या न बोलणाऱ्या पोरीचं आधी सांगते. नवीन भाषेत पडलेलं लेकरू काही महिने चूप राहू शकते, ते त्या काळात ऐकत असते, साठवत असते. तिले उभं करून "बोल, नाव सांग" करू नका, अजून आत जाइन. पण एक गोष्ट याच आठवड्यात करा, तिच्या मायले नाई तं आजीले गाठा न विचारा का घरी ती कोलामीत बोलते का? भावंडांशी भांडते का, काही मागते का? घरी चांगली बोलत असन तं चिंता सोडा, वेळ द्या. घरीबी बोलत नसन, मागून हाक मारली तं वळत नसन, कान फुटत असन, तं ते भाषेचं प्रकरण नाई, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, ते आरबीएसके म्हणतात त्याचं, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, २०१३ पासून सुरू हाय, त्यायले ही पोरगी मुद्दाम दाखवा, ते पुढं जिल्ह्याच्या डीईआयसीले, म्हणजे लेकरायच्या तपासणी-उपचाराच्या केंद्राले, पाठवतात. आमच्या बीटात असं झालं होतं का सगळे म्हणत होते आदिवासी लेकरू हाय, लाजते, आणि पोराच्या दोन्ही कानाले कमी ऐकू येत होतं. दोन बोली बोलणाऱ्या लेकराचे शब्द मोजायचे तं दोन्ही बोलींचे मिळून मोजा, नुसते मराठीचे मोजाल तं प्रत्येकच पोरगं मागं दिसन. आणि एका वाक्यात दोन बोली मिसळल्या तं टोकू नका, सगळ्याच दुभाषी घरातली पोरं तसं करतात.

चावणारा पोरगा. त्याच्याकडं "मले दे" म्हणाले शब्द नाई म्हणून दात हाय. त्याले हाताची खूण शिकवा, तळहात पुढं करून "दे", आणि सगळ्याच पोरांले तीच खूण शिकवा म्हणजे ती एकट्या त्याची होणार नाई. त्यानं खूण केली का लगेच मिळालं पाहिजे, पहिले काही दिवस तं हमखास, नाई तं तो म्हणन दातच बरे. भांडाले येणाऱ्या मायबायांले सांगा का काढून टाकता येत नाई, सरकारी अंगणवाडी हाय, भट्टीवरच्या पोराचाबी तेवढाच हक्क हाय.

आता जे तुम्ही जाता जाता लिहिलं ते मले जास्त टोचलं, खिचडीच्या टायमाले वेगळं बसणं. ते भाषेमुळं हाय असं समजू नका. पोरं घरून ऐकून येतात, त्याच्याजवळ बसू नको, त्याच्या ताटाले हात लावू नको. तीन वर्षांच्या लेकराले हे कळते. तिथं गोडीगुलाबी चालत नाई, बसायची जागा तुम्ही ठरवा, रोज बदला, आणि वाढायचं काम पोरांले द्या, आज तांड्यावरचं पाण्याचे ग्लास देइन, उद्या पोडावरचं ताटं देइन. कुरकुर होइन पालकांची, होऊ द्या.

आणि अंगणवाडी म्हणजे काही १९७५ ले आयसीडीएस (सरकारची एकात्मिक बालविकास योजना) आलं तेव्हाच जन्मली नाई हो. ताराबाई मोडक न अनुताई वाघ यायनी १९४५ ले बोर्डीले काम सुरू केलं, तिथं आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीत येत नव्हती तं बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, खडे, पानं, बिया हेच सामान. तुम्हीबी महिन्यातून एखाद्या दिवशी साऱ्या पोरांले घेऊन पोडावर जा, तांड्यावर जा. त्या दिवशी पाहा कोण बोलते न कोण चूप बसते, पारडंच फिरते.

---

पोडाचा_पोरगा

मी कोलाम आहे, यवतमाळला शिकतो. मावशीनं लिहिलं ते बरोबर आहे, अजून थोडं सांगतो.

आमच्या घरी लहान पोरानं मोठ्या माणसाच्या डोळ्यात बघून फटाफट बोलणं चांगलं समजत नाही. मी अंगणवाडीत जायचो तेव्हा बाई हनुवटी धरून तोंड वर करायची, माझ्याकडे बघून बोल म्हणायची, मी अजूनच खाली बघायचो. ताई तुम्ही तिच्यासमोर बसू नका, बाजूला बसा, हातात काही काम घ्या, दोरा गुंडाळा नाहीतर पानं लावा, आणि बोलत राहा. ती बाजूनं बोलेल कधीतरी.

अजून एक, नाव. आमच्याकडच्या पोरांची घरची नावं वेगळी असतात आणि रजिस्टरवर कोणीतरी सोपं मराठी नाव टाकून देतं. पोरगी त्या नावाला ओ देत नसेल तर ती चूप आहे की तिला माहीतच नाही की हे आपलं नाव आहे? आईला विचारा घरी काय म्हणतात न तेच नाव त्याच उच्चारात घ्या.

आणि तुमच्या तक्त्यावर सफरचंद, अननस, आगगाडी असते. पोडावरच्या पोराला मोह दाखवा, तेंदूचं फळ दाखवा, चारोळी दाखवा, कोणत्या पक्ष्याचं अंडं आहे विचारा, मग बघा गावातली पोरं त्याच्या तोंडाकडे बघतील.

मदतनीस कुठली आहे तुमची? पोडावरची असेल तर अर्धं काम तीच करेल, फक्त तिला झाडझूड न खिचडीतून थोडी मोकळी करा.

---

तांड्यावरचा_भाऊ

राम राम. मी दिग्रसकडचा, गोरमाटी. तुमच्यात एक गोष्ट कोणी बोललं नाई, ती म्हणजे आमचे लोकच म्हणतात का पोरासंग गोरमाटी बोलू नका. माझी बायकोच म्हणते, मराठीत बोला त्याच्यासंग, शाळेत हसतात. म्या बी लहानपणी मार खाल्ला हाय वर्गात याडी (म्हणजे माय) म्हणलं म्हणून. तं ताई तुम्ही पालकांच्या मीटिंगमध्ये सरळ सांगा का घरी तुमच्या बोलीतच बोला, गोष्टी सांगा, मराठीचं आमच्यावर सोडा. सेविकेनं सांगितलं तं लोक ऐकतात, आमी सांगितलं तं नाई ऐकत.

दुसरं म्हणजे म्हाताऱ्या बायकांले बोलवा. तांड्यावरच्या आज्या दुपारी मोकळ्या असतात, कशिद्याचं काम घेऊन येतील, गाणं म्हणतील. एखादी पोडावरची आजी, एखादी गावातली. मानधन नाई दिलं तरी चहा पाजा बरं. पोरगं जवा पाहते का आपल्या आजीले ताई खुर्ची देते, तवा त्याची छाती फुगते.

तुम्हीबी चार शब्द शिका. सकाळी पोरगं आलं का "तारो नाम कांई छ" एवढं म्हणा, चुकलं तरी चालन, पोरं हसतील, हसू द्या, तेवढंच बोलणं सुरू होते.

---

वऱ्हाडी_ठेचा

बरं बापा, मी माझं म्हणणं अर्धं मागं घेतो. पण पहिलीच्या आधी मराठी आली पाहिजे हे मी सोडत नाई.

---

मेळघाट_मास्तर

ते कोणीच नाकारत नाही ठेचा भाऊ, वाद फक्त रस्त्याचा आहे. घरची बोली पायरी म्हणून वापरा, तिच्यावरून चढून पोरगं मराठीत येतं.

एक राहिलं होतं ताई, पुस्तकं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या वेबसाइटवर गोंडी न कोरकूत चित्रांची लहान पुस्तकं फुकट आहेत, देवनागरीत लिहिलेली, तुम्हाला अर्थ नाही कळला तरी वाचता येतील. मराठीतून तीच गोष्ट सापडली तर दोन्ही शेजारी ठेवा. कोरकू पोरं होळीच्या आधी गावी निघून जातील बघा, होळी त्यांचा सगळ्यात मोठा सण, वेचणी अर्धी टाकून जातात. तेव्हा जे करायचं ते त्याआधी.

---

कापूसपट्टा_ताई

सगळ्यांचे लय आभार, एवढं कोणी लिहिन असं वाटलं नव्हतं.

लुगड्याचा खेळ घेतला. भट्टीवरच्या पोराले मुद्दाम एक कोपरा दिला, गावातला ज्याले तो चावला होता त्याले बाजूचा कोपरा. पहिले तं लुगडं ओढाओढी, एक कोपरा टरकला. मंग चेंडू एकदा उडून पत्र्याले लागला न मोठा आवाज झाला, तशी सगळी हसाले लागली आणि भट्टीवरचा "अऊ, अऊ" कराले लागला. मले वाटलं काही लागलं याले, मदतनीस म्हणाली अहो अजून पाहिजे म्हणते तो. आता खेळ काढला का गावातली पोरंबी अऊ अऊच करतात, त्यायच्या मायबाया उद्या त्याच्यावरून भांडाले येतील वाटते.

चावणं थांबलं नाई पण कमी झालं, खुणेचं चालू ठेवलं हाय.

पोडावर जाऊन आले. ती पोरगी घरी मस्त बोलते, भावाले हुकूम सोडते, मायनं सांगितलं. कानाचं पण मी पथकाले दाखवूनच घेइन, मावशी म्हणतात तं. आणि पोडाच्या पोरा, तू म्हणला ते नावाचं खरं निघालं, रजिस्टरचं नाव तिच्या मायलेबी पटकन आठवलं नाई. मदतनीस गावातली हाय, पोडावरची नाई, पण बाजूच्या पोडावरची एक सून दहावी झालेली हाय, तिले दुपारी बोलवून पाहते. भरतीच्या जाहिरातीत तं लिहिलेलं असते का निम्म्याहून जास्त पोरं दुसऱ्या बोलीची असली तं ती बोली येणारी बाई पाहिजे, पण आमच्यात पाच बोल्या न कोणाचीच निम्मी पोरं नाईत, तं तो नियम आमच्या कामाचा नाई.

जेवायला बसायची जागा बदलली त्याच्यावरून दोन घरची पोरं दोन दिवस आली नाईत. आता येतात. एका घरानं डबा सोबत द्यायले सुरुवात केली, त्याचं काय करू ते समजत नाई.

आणि पावसाळ्याच्या आधी भट्टी बंद होइन, तवा ही पोरं जातील, त्यायचं पुढं काय?

---

सुपरवायझर_मावशी (रिटायर)

डबा आणू द्या, पण तो डबा त्याच पंगतीत उघडाले लावा, वेगळं बसवू नका. मायशी एकटीत बोला, चारचौघीत नको, चारचौघीत ती मागं हटणार नाई.

भट्टीवरच्यांचं, पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीचं सरकारी मोबाईल ॲप) स्थलांतराची सोय हाय, जायच्या आधी मायकडून आधार न मोबाईल नंबर नीट भरून घ्या म्हणजे तिकडची सेविका पोरगं ओढून घेऊ शकते. आणि मायले एक कागद द्या साधा हिंदीत लिहून, पोराले काय आवडते, कोणत्या खुणा येतात, चावते कधी न काहून. तिकडची बाई वाचन का नाई वाचन, आपलं काम आपण करावं.

---

कापूसपट्टा_ताई

हे कागदाचं भारी हाय मावशी, हिंदीत लिहाले जरा त्रास होइन पण पोरीकडून लिहून घेइन. तांड्यावरच्या भाऊ, त्या आजीच्या गाण्याचं व्हॉइस पाठवा न जमलं तं, इथल्या आज्या लाजतात, आधी मी म्हणून दाखवते.

---

तांड्यावरचा_भाऊ

पाठवलं ताई. मधात म्हैस ओरडली हाय दोनदा, तेवढं सोडून ऐका.